सहा एकर मोकळ्या जागेत मैदान किती असावे आणि माळ किती राखावा?

प्रश्न : जुळे सोलापूरचा रहिवासी

आमच्या वसाहतीलगत उद्यानासाठी आरक्षित असलेली सुमारे सहा एकर जागा आहे. एका कडेने ओढा जातो, उरलेला भाग मुरमाड माळ आहे आणि आपोआप उगवलेल्या बोरी-बाभळींखेरीज तिथे काही नाही. ही जागा आता विकसित व्हावी अशी मागणी असून रहिवाशांच्या वतीने निवेदन तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तरुण मुलांना क्रिकेटचे पूर्ण मैदान, फुटबॉलचे मैदान आणि धावपट्टी हवी आहे, तर काही कुटुंबांना माळ आहे तसाच राहावा असे वाटते. मुलांची गरज खरी आहे. पार्क मैदान त्यांना रोज जाण्यासारखे जवळ नाही आणि गड्ड्याच्या यात्रेच्या काळात होम मैदान दुकानांनी व पाळण्यांनी भरलेले असते. परंतु एकदा सपाट केलेला माळ पुन्हा मिळत नाही, हीही चिंता मला सोडत नाही. जागेची वाटणी कोणत्या आधारावर मागावी?

उत्तर : नगररचनेचा अभ्यासक

सर, प्रथम मोजमाप करावे, कारण बहुतेक वाद कागदावर आकडे मांडताच निम्मे होतात. सहा एकर म्हणजे साधारण 24,000 चौरस मीटर. सीमारेषा 60 मीटरवर धरली तरी क्रिकेटच्या मैदानाला सुमारे 11,300 चौरस मीटर लागतात, 105 बाय 68 मीटरच्या फुटबॉल मैदानाला 7,140, आणि 400 मीटरची धावपट्टी आखायची तर एकटीलाच जवळपास चार एकर हवेत. धावपट्टीच्या आत फुटबॉलचे मैदान बसवले तरी क्रिकेटसह ही मागणी जागेपेक्षा मोठी होते. मग माळाचा प्रश्नच उरत नाही. याउलट कबड्डीचे क्रीडांगण 13 बाय 10 मीटरचे आणि खो-खोचे 27 बाय 16 मीटरचे असते. भोवतीची मोकळी पट्टी धरूनही अशी चार-पाच क्रीडांगणे एका एकरात सहज बसतात आणि त्यांवर एकाच संध्याकाळी शंभराच्या आसपास मुले-मुली आळीपाळीने खेळू शकतात. किती जागा हवी याबरोबरच त्या जागेवर किती जण खेळतील, हे निवेदनात विचारले जावे.

उत्तर : माळरानाचा निरीक्षक

आपल्याकडे झाडे नसलेली जमीन पडीक समजली जाते आणि हीच समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. कुसळी, पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांचा खुरटा माळ हेच इथले मूळ निसर्गरूप आहे. शहरापासून जवळच नान्नज येथे याच प्रकारच्या माळासाठी 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले, हे आपण विसरतो. आपल्या सहा एकरांत माळढोक येणार नाही, पण टिटवी आणि चंडोल येतात, आणि ही दोन्ही पाखरे उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. म्हणून तिथे दाट वृक्षारोपण करणे हेही संवर्धन नव्हे. सपाटीकरणाइतकीच त्याचीही मला भीती वाटते, कारण त्याला कोणी विरोध करत नाही.

माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. राखलेला माळ एकसंध असावा. मैदानांच्या मधल्या फटींत उरलेल्या पट्ट्यांना माळ म्हणता येत नाही. आणि तो ओढ्याला लागून असावा, म्हणजे रोलर फिरवून घट्ट केलेल्या मैदानावरून वाहणारे पावसाचे पाणी ओढ्यात जाण्यापूर्वी गवतात मुरेल. सापांच्या भीतीने लोक गवत काढायला सांगतील, तेव्हा पायवाटेच्या दोन्ही बाजूंची हातभर पट्टी कापून ठेवावी आणि बाकीचे गवत बी झडेपर्यंत उभे राहू द्यावे. उन्हाळ्यात वणव्याचा धोका असल्याने त्याआधी कडेने जाळपट्टा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून गवत नसलेली पट्टी, तयार करणे आवश्यक आहे.

उत्तर : खो-खो प्रशिक्षक

वरील मतांचा आदर राखून मला एक बाजू मांडायची आहे. खो-खो, कबड्डीला जागा कमी लागते हे खरे, पण म्हणून क्रिकेट किंवा फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना नकार देणे न्याय्य नाही. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला मोकळेपणाने धावायला जागा मिळाली नाही, तर तो रस्त्यावर खेळतो किंवा खेळणेच सोडतो. मुलींच्या बाबतीत हे अधिक लवकर घडते, कारण घराजवळ सुरक्षित मैदान नसेल तर पालक त्यांना दूर पाठवत नाहीत. दीड-दोन एकरांचे एक सामायिक मुरमाचे मैदान मात्र हवेच. मोठे सामने पार्क मैदानावर व्हावेत, रोजचा सराव इथे व्हावा. आणि कृपया हिरवळीचा हट्ट कोणी धरू नये. पाणी मारून चोपलेला मुरूम आमच्या मुलांच्या पायांना सवयीचा आहे.

प्रश्नकर्ता

प्रशिक्षक सर, आपला मुद्दा मला पूर्ण पटतो. हिरवळीसाठी किती पाणी लागेल आणि आरक्षण उद्यानाचे असताना मैदानाची मागणी करता येते का, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर : नगररचनेचा अभ्यासक

उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरले, तर एका चौरस मीटरला 5 लिटर, म्हणजे फुटबॉलच्या एका मैदानाला रोज सुमारे 35,000 लिटर लागतील. ज्या शहरात उजनी धरणाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने घरात येते, तिथे पिण्याच्या पाण्यावर अशी हिरवळ मागणे मला योग्य वाटत नाही.

कायद्याविषयी सांगायचे तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 22 मध्ये मोकळ्या जागा, क्रीडांगणे आणि निसर्ग राखीव क्षेत्रे यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. आरक्षणाचा प्रकारच बदलायचा असेल, तर कलम 37 नुसार सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. उद्यानाची जागा मोलाची असते हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणात, उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्द ठरवताना, स्पष्ट केले आहे. म्हणून माझ्या मते आरक्षण उद्यानाचेच राहू द्यावे आणि त्याच्या आतील मांडणी मागावी : रस्त्याकडच्या बाजूला सुमारे अडीच एकरांत मुरमाचे सामायिक मैदान व लहान क्रीडांगणे, ओढ्याकडे तीन एकरांचा एकसंध माळ, आणि दोन्हींच्या मधून मातीची पायवाट. प्रकाशझोताचे खांब हवे असल्यास फक्त रस्त्याच्या बाजूला, खाली वळवलेल्या दिव्यांचे आणि ठरावीक वेळेनंतर बंद होणारे असावेत. निवेदनासोबत हातानेच काढलेला, पण मापे लिहिलेला नकाशा जोडावा आणि त्यावर माळाची हद्द ठळक रेषेने दाखवावी.