लॅपटॉपवर मेल: एमएसएमटीपी पुरेल की पोस्टफिक्स हवं?

गुहागरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. जुना थिंकपॅड, त्यावर डेबियन १२ लिनक्स. रोज रात्री रूटच्या (मशीनच्या मुख्य खात्याच्या) क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतून, फाइलींची नक्कल करणारं आरसिंक चालतं आणि बाहेरच्या डिस्कवर बॅकअप होतो. शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर, माजी विद्यार्थ्यांच्या याद्या, नातवंडांचे फोटो. होतो असं मी धरून चालतो, कारण लॉगमध्ये मात्र 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' एवढंच दिसतं. म्हणजे क्रॉनला काहीतरी सांगायचंय आणि एमटीए, म्हणजे पत्र पोचवणारा पोस्टमनच नाही.

मला दोन गोष्टी हव्यात. क्रॉन आणि स्मार्टडीची (डिस्कच्या तब्येतीवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामची) पत्रं याच मशीनवर मटमध्ये (टर्मिनलवर मेल वाचायच्या-लिहायच्या प्रोग्राममध्ये) वाचता यावीत, त्यासाठी नेट लागू नये. आणि मटमधून लिहिलेली मेल माझ्या जीमेलच्या पत्त्यावरून बाहेर जावी. पावसात झाड पडून फायबर तुटली की आमच्याकडे दोन-दोन दिवस नेट नसतं. तेवढ्यात लिहिलेली मेल नेट आल्यावर आपली आपण गेली पाहिजे.

स्वतःचं डोमेन नाही, स्थिर आयपी नाही. मध्ये कुणाला न घेता लॅपटॉपवरून थेट समोरच्याच्या सर्व्हरला मेल देता येते का?

टर्मिनलवाला

मास्तर, एमएसएमटीपी टाका, मेल बाहेर पाठवणारा छोटा प्रोग्राम. जोडीला एमएसएमटीपी-एमटीए हे पॅकेज, म्हणजे सेंडमेल या नावाने हाक मारणाऱ्या प्रोग्रामांनाही तेच सापडतं. होममध्ये एक छोटी फाइल: होस्ट, पोर्ट ५८७, टीएलएस चालू, युजर, पासवर्ड. झालं. पोस्टफिक्ससारखा पूर्ण मेल सर्व्हर कशाला? एका माणसाच्या लॅपटॉपला एवढा संसार नको.

रूटताई

टर्मिनलवाला, कायम नेट असलेल्या मशीनवर मीही हेच सांगितलं असतं. पण मास्तरांच्या दोन्ही अटी इथं अडतात. एमएसएमटीपी मेल हातात घेतं आणि त्याच क्षणी सर्व्हरला द्यायला जातं. नेट नसेल तर चूक दाखवून मोकळं. रांग त्याच्याकडे नाही. सोबत येणाऱ्या स्क्रिप्टा वापरून ती जोडता येते, पण ते ठिगळ. आणि या मशीनवरच्या पेटीत पत्र टाकणं हे त्याचं कामच नाही. मास्तरांना रांगही हवी आणि पेटीही. म्हणून पोस्टफिक्स.

थेट पाठवायचं विसरा, मास्तर. घरगुती जोडणीवर बाहेर जाणारं पोर्ट २५ बरेच पुरवठादार बंदच ठेवतात. ते उघडं मिळालं तरी बदलता आयपी स्पॅमहाउसच्या पीबीएलसारख्या (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या) यादीत असण्याची शक्यता दाट, उलट डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) तुमच्या ताब्यात नाही, आणि जीमेलच्या पत्त्याची मेल तिसऱ्याच आयपीवरून आली की समोरचा सर्व्हर ती स्पॅममध्ये तरी टाकणार नाहीतर दारातूनच परतवणार. तुमची मेल जीमेलच्याच सर्व्हरला द्या, पुढचं ते बघतील.

आता मांडणी. (नावं इथं देवनागरीत लिहितेय, फाइलीत अर्थातच रोमनमध्ये.)

पोस्टफिक्स टाकताना प्रकार विचारेल. 'सॅटेलाइट सिस्टिम' घेऊ नका, त्यात क्रॉनची पत्रंही बाहेरच्या सर्व्हरकडे धावतात. 'इंटरनेट विथ स्मार्टहोस्ट' घ्या. पुढचा प्रश्न 'सिस्टिम मेल नेम'. इथं हात आवरा! पत्ता जीमेलचा म्हणून लोक जीमेल.कॉम लिहितात. ते नाव मायडेस्टिनेशनमध्ये (ज्या नावांची मेल याच मशीनवर ठेवायची त्या यादीत) जाऊन बसतं, आणि मग पोस्टफिक्सला वाटतं की जगातले सगळे जीमेलवाले याच थिंकपॅडवर राहतात. भाचीला लिहिलेली मेल 'अननोन युजर' म्हणून जागेवरच परत. तिथं फक्त मशीनचं नाव द्या.

रिलेहोस्टमध्ये (मेल पुढे ज्या सर्व्हरला द्यायची त्याच्या नावात) [एसएमटीपी.जीमेल.कॉम]:५८७ लिहा. चौकटी कंस गाळू नका. ते नसतील तर पोस्टफिक्स आधी एमएक्स नोंद (त्या नावाची मेल कुठला सर्व्हर घेतो ते सांगणारी) शोधायला जातं. इनेट-इंटरफेसेसला लूपबॅक-ओन्ली द्या, कॅफेच्या वायफायवर तुमचं पोर्ट २५ जगाला दिसायची गरज नाही. सासल ऑथ (सर्व्हरला पासवर्डने ओळख पटवणं) चालू, टीएलएस सिक्युरिटी लेव्हल एन्क्रिप्ट, सासल सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये नोअ‍ॅनोनिमस. पासवर्डची फाइल वेगळी, पोस्टमॅप चालवून तिचा डेटाबेस करा, आणि दोन्ही फाइली रूटच्या, परवानगी ६००. लिबसासल२-मॉड्यूल्स हे पॅकेजही बघून घ्या. ते नसलं की लॉगमध्ये 'नो वर्दी मेक्स फाउंड' असं कोडं येतं आणि माणूस उगाच पासवर्ड बदलत बसतो.

पासवर्ड नेहमीचा चालणार नाही. गूगलने ३० मे २०२२ पासून साध्या पासवर्डचा तो रस्ता बंद केला. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, मग १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड मिळतो.

आता लॅपटॉपचं खरं दुखणं. न गेलेली मेल पोस्टफिक्स पुन्हा पुन्हा पाठवून बघतं, पण दोन प्रयत्नांतलं अंतर वाढत ४००० सेकंदांपर्यंत जातं. नेट आलं तरी तासभर मेल बसून राहील. शिवाय मूळ मुदत ५ दिवसांची आणि ती घड्याळाने मोजली जाते. लॅपटॉप बंद ठेवून आठवडाभर गावाला गेलात, तर आल्यावरचा पहिला प्रयत्न फसताच मेल परत. मॅक्सिमल-क्यू-लाइफटाइम १५ दिवस करा.

आणि क्रूट! तुमच्या डेबियनमध्ये पोस्टफिक्सचा एसएमटीपी भाग स्वतःच्या कोंडवाड्यात चालतो आणि तिथं रिझॉल्व्ह.कॉन्फची (डीएनएस सर्व्हरचा पत्ता ठेवणाऱ्या फाइलीची) वेगळी प्रत असते. नेट नसताना मशीन सुरू झालं की ती प्रत शिळी. ब्राउझर चालतो, पिंग चालतं, मेलला मात्र 'होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन'. मास्टर.सीएफमध्ये बाहेर पाठवणाऱ्या एसएमटीपीच्या ओळीत क्रूटच्या रकान्यात 'एन' करा (वर तशीच एक ओळ आत येणाऱ्या मेलची असते, ती नव्हे). पोस्टफिक्स पुन्हा सुरू करा. मग नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचर फोल्डरात एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: दुसरा शब्द 'अप' आला की पोस्टक्यू -एफ. जोडणी आली की रांग लगेच हलते.

शेवटी एलियासेस फाइलीत रूटपुढे तुमचं युजरनेम लिहा आणि न्यूएलियासेस चालवा. नाहीतर बॅकअपची पत्रं रूटच्या पेटीत साठतील आणि मट तुम्हाला रिकामी पेटी दाखवेल.

टर्मिनलवाला

रांगेचा मुद्दा मान्य, ताई. मास्तर, एक भर: जीमेलच्या एसएमटीपीतून गेलेली मेल तिकडे 'सेंट'मध्ये आपोआप पडते. मटमध्ये रेकॉर्डही (पाठवलेल्या मेलची प्रत ठेवायची जागा) तिकडेच लावलंत तर प्रत्येक मेल दोनदा दिसेल, ते काढून टाका.

गुहागरचा_मास्तर

ताई, सगळं बसलं. राउटर बंद करून मुलाला मेल लिहिली, मेलक्यूमध्ये ती दिसली, राउटर लावला आणि मुलाचा फोनच आला. क्रॉनचं पहिलं पत्रही आलं. बॅकअप होत होता, फक्त फोटोंच्या एका फोल्डरला 'परमिशन डिनाइड'. ते बघतो.

स्मार्टडीकडून मात्र काहीच नाही. डिस्क चांगली आहे म्हणून गप्प, की मेलच येत नाही, हे कसं ओळखायचं?

रूटताई

स्मार्टडी.कॉन्फमधल्या डिव्हाइसस्कॅनच्या (डिस्क आपोआप शोधणाऱ्या) ओळीला -एम टेस्ट जोडा. यातलं एम मोठ्या लिपीतलं. छोटं एम पत्त्यासाठी असतं आणि ते तिथं आधीच आहे. सेवा पुन्हा सुरू केली की चाचणीचं पत्र येतं. नाही आलं तर बीएसडी-मेलएक्स टाका. डेबियनची स्क्रिप्ट मेल ही कमांड शोधते आणि नुसत्या पोस्टफिक्सबरोबर ती येत नाही. पत्र मिळालं की टेस्ट काढून टाका, नाहीतर दर बूटला येत राहील. आणि बॅकअपची डिस्क यूएसबीवर असेल तर डिव्हाइसस्कॅनला ती कदाचित दिसणार नाही. तिची ओळ वेगळी लिहा, -डी सॅट लावून.