गोदाकाठी पोरांना घेऊन जाता का? तुमचे अनुभव लिहा

नाशिकला गंगापूर रोडला राहायला येऊन सहा वर्षं झाली, आणि आमचं रोजचं म्हणावं असं ठिकाण एकच, गोदा पार्क. सकाळी सातच्या आत गेलं की गर्दी नसते, नदीवरून गार वारा येतो. माझ्या पाच वर्षांच्या लेकीने ओळखलेला पहिला पक्षी म्हणजे खंड्या, तोही इथलाच, तारेवर बसला होता आणि धप्पकन पाण्यात पडला, तिला वाटलं बुडाला, तर चोचीत मासोळी घेऊन वर! तेव्हापासून झोक्याच्या आधी खंड्या शोधायचा असा नियम आहे. तुम्ही कुठे जाता, काय बघितलंत, काय खटकलं, सगळं सविस्तर लिहा.

*

आम्ही पंचवटीतली जुनी माणसं, गोदावरी कोण म्हणतं, "गंगेवर जाऊन येतो" हेच तोंडात. उन्हाळ्यात जेवणं झाली की सगळी वाडी गंगेवर, गांधी तलावात होडीत बसायचं, भेळभत्ता खायचा, पायऱ्यांवर पाय सोडून बसायचं आणि आजी उठ म्हणेपर्यंत हलायचं नाही. आता नातवंडांना नेते. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती दाखवली आणि सांगितलं की पूर किती आला ते आपण याच्यावरून मोजतो, कमरेला लागलं, छातीला लागलं, तर नातू म्हणाला आजी, डोक्यावरून गेलं तर? म्हटलं बाळा, तेही बघितलंय, २०१९ च्या ऑगस्टमध्ये.

*

ताई, पुराचा विषय काढलात म्हणून लिहितो. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरानंतर आठवड्याने मी पार्कात गेलो होतो, ट्रॅकवर घोट्याएवढा गाळ, फरशा उखडलेल्या, झाडांच्या फांद्यांना कपडे आणि प्लास्टिक अडकलेलं. फार वाईट वाटलं, पण नदी तिच्याच जागेत आली होती ना! काठावर काँक्रीट ओतलं की पुढच्या पुरात तेच उखडतं. त्यापेक्षा उंबर, करंज, वाळुंज लावा, मुळं माती धरून ठेवतात आणि पोरांना सावलीही मिळते. दुसरं म्हणजे पानवेली, म्हणजे पाण्यावर पसरणारी जलपर्णी. सांडपाणी नदीत येतं, पाणी संथ असतं, मग ती फोफावते आणि संध्याकाळी डासांनी बसवत नाही. धाकट्याला दोनदा उचलून घरी आणलंय, पाय नुसते फोडांनी भरलेले. दरवर्षी पानवेली काढतात, पण घाण पाणी थांबल्याशिवाय ती जाणार नाही हे मी भेटेल त्याला सांगतो.

*

पावसाळ्यात आमची फॅमिली सोमेश्वरला. देवदर्शन, मग धबधबा, मग भाजलेलं कणीस, लिंबू-मीठ चोळून. पण एक कळकळीने सांगते, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की इथलं पाणी बघता बघता वाढतं, नाशकात पाऊस नसला तरी, कारण तिकडे त्र्यंबकला पडलेला असतो. एकदा आम्ही खडकावर डबा उघडून बसलो होतो, भाचा म्हणाला मघाशी तो दगड दिसत होता, आता नाही. तसेच उठलो, डबा तिथेच राहिला. आता निघायच्या आधी विसर्ग किती क्युसेक आहे ते बातम्यांत बघते, जास्त असेल तर लांबून धबधबा बघायचा, पोरं कितीही रडू देत.

*

पहिल्या ताईंना सांगायचं होतं, खंड्या झाला, आता वंचक शोधा, छोटा बगळाच तो. काठावर मातकट रंगाचा, अजिबात न हलणारा, पायाशी असला तरी दिसत नाही, आणि उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख. माझ्या पोराला इथूनच नाद लागला, मग हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला नेलं, रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळालेली महाराष्ट्रातली पहिली जागा आहे ती, २०२० मध्ये जाहीर झालं, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ. दुर्बीण डोळ्यांवरून काढायला तयार नव्हता. रविवारी साडेसहाला आम्ही पार्कात असतो, लेकीला घेऊन या, दुर्बीण आमच्याकडे आहे.