'असंपर्क बल' : संपर्क नसलेले, की संपर्क न लागणारे?

(ही एक चर्चा आहे; प्रत्येक * नंतर बोलणारा बदलतो.)

शालेय विज्ञानात 'संपर्क बल' (वस्तू एकमेकींना टेकल्यावर लागणारे) आणि 'असंपर्क बल' (चुंबकासारखे दुरूनही लागणारे) ही जोडी भेटते. मला पहिलाच शब्द खटकतो. आपण 'संपर्क साधतो' तो फोनवरून, म्हणजे नेमका लांबूनच! मग ढकलणे, ओढणे, घासणे यांना सरळ 'स्पर्शबल' का म्हणू नये?

*

'संपर्क'मधला धातू पृच्, म्हणजे मिसळणे, जोडले जाणे. फोनचा अर्थ नंतर चिकटला. 'रोग्याच्या संपर्कात आला' यात जुना अर्थ शाबूत आहे. 'स्पर्श' म्हटले की त्वचा आठवते. टेबल पुस्तकाला खालून रेटते, त्याला स्पर्श म्हणवत नाही. शिवाय त्याचा विरुद्धार्थी 'अस्पर्श' केला की शेजारी 'अस्पृश्य' येऊन उभा राहतो. नकोच.

*

माझी तक्रार 'असंपर्क'मधल्या 'अ'बद्दल आहे. टाचणी चुंबकाला चिकटली की मुले विचारतात, आता हे संपर्क बल झाले ना? शब्दावरून त्यांचे बरोबर, भौतिकशास्त्रात चूक. चुंबकीय बल टाचणी दूर असतानाही होते, चिकटल्यावरही आहे, उलट जास्तच. आपण जमिनीवर उभे आहोत म्हणून गुरुत्वीय बल काही संपर्क बल ठरत नाही. इथे 'असंपर्क' म्हणजे 'संपर्काची गरज नसलेले'. खरे तर 'संपर्कनिरपेक्ष बल' म्हणायला हवे.

*

'संपर्कनिरपेक्ष' अचूक आहे, पण आठवीतल्या मुलाची जीभ अडखळेल. तसा 'संपर्क'ही डोळ्यांना दिसतो तेवढ्यापुरताच. पुस्तक टेबलावर टेकते तेव्हा दोन्हींकडचे इलेक्ट्रॉन एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, आणि त्याच्या मुळाशी पुन्हा विद्युत बल आणि पुंजभौतिकीचे (क्वांटम भौतिकशास्त्राचे) नियमच. दुरून ओढण्याची कल्पना तर खुद्द न्यूटनलाही पचली नव्हती. १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नियम छापला, आणि १६९३ च्या एका पत्रात लिहिले की मध्ये काहीच नसताना एक वस्तू दुसरीवर परिणाम करते हे मानणे निव्वळ वेडेपणाचे आहे. पुढे भौतिकशास्त्रज्ञ फॅरडेमुळे 'क्षेत्र' ही कल्पना रुजली, म्हणजे वस्तूभोवतीचा तिचा परिणाम जाणवणारा भाग. म्हणून मला 'क्षेत्रबल' आवडतो. त्यात नकार नाही.

*

माझे 'स्पर्शबल' मागे घेतो. टाचणीचा हिशेब मात्र आता लागला. चुंबक ओढतो ते असंपर्क बल, तसेच राहिले. त्याचा पृष्ठभाग तिला आत घुसू न देता बाहेर रेटतो, ते संपर्क बल नव्याने आले. आणि चुंबक उभा धरला तरी ती घसरत नाही, ते घर्षण. तेही संपर्क बलच.