'इनॲप्रोप्रिएट बिहेवियर'ला मराठीत काय म्हणाल?

टाकबोरू:
आठ दिवस एका शब्दावर अडले आहे. एका कारखान्याच्या सूचनाफलकाचा मजकूर मराठीत करतेय. एकाच परिच्छेदात 'इनॲप्रोप्रिएट बिहेवियर', 'इम्प्रॉपर रिमार्क्स' आणि 'मिसकंडक्ट' आले आहेत. मी तिन्हीकडे 'गैरवर्तन' चालवलं, तर तपासणाऱ्या बाईंनी तिन्ही ठिकाणी लाल गोल करून कागद परत पाठवला. मग पहिल्याचं 'अनुचित वर्तन' केलं आणि छपाईआधी कारखान्यात वाचायला दिलं. पॅकिंगमधल्या एका मावशींनी 'अनुचित'वर बोट ठेवलं, "हे काय असतं ताई?" म्हटलं, नको तिथं हात लावणं, नको ते बोलणं. त्या म्हणाल्या, "मग तसंच लिवा की." आता मलाच 'अनुचित' लिहवत नाही. काय करू?

सांजवारा:
ताई, 'मिसकंडक्ट'चं 'गैरवर्तन' आहे तसंच ठेवा. कामगार कायद्याच्या कामात वीसेक वर्षं काढली, म्हणून सांगतो. १९४६च्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांच्या, कायद्यापासून कारखान्यात या शब्दाला वजन आहे. सिद्ध झालं की ताकीद, निलंबन, बडतर्फीसुद्धा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात १९वं कलम आहे. असा छळ सेवानियमांखाली 'मिसकंडक्ट' धरावा हे त्यात आहे, आणि फलक लावायची जबाबदारीही त्याच कलमात मालकावर टाकली आहे. तोच शब्द तीन ठिकाणी घातलात तर चौकशीत पहिला प्रश्न येईल, यातलं नक्की कोणतं?

शुद्धलेखणी:
पण मुळात 'गैरवर्तन' का? 'गैर' अरबी, 'वर्तन' संस्कृत. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी-अरबी शब्दांना पर्याय मिळावेत म्हणूनच. 'दुर्वर्तन' हा स्वच्छ शब्द हाताशी आहे.

माळरान:
मग गैरसमज, गैरसोय, गैरहजर यांचं काय करायचं? आमच्या सोलापूरकडं शाळेचं तोंड न पाहिलेला माणूसही "त्यात काय गैर हाय?" म्हणतो. आणि 'दुर्वर्तन' म्हटलं की माणसाची चालच वाईट असं वाटतं. गैरवर्तन चांगल्या माणसाकडूनही एखाद्या दिवशी घडू शकतं. हा फरक मला मोलाचा वाटतो, तो पुसू नका.

शुद्धलेखणी:
कानाला सवय झाली एवढंच. 'विनयभंग' हाही घडवलेलाच शब्द, तो रुळला ना? घडवायची तयारी हवी.

पैलतीर:
'विनयभंग'चं उदाहरण देऊ नका, मला त्या शब्दाचा मनापासून राग येतो. १८६०च्या दंड संहितेतल्या ३५४व्या कलमाच्या भाषेतून तो आला. १ जुलै २०२४पासून न्याय संहितेचं ७४वं कलम लागलं, तरी बातमीत तोच. हात त्याने टाकला आणि भंगला म्हणे तिचा विनय! 'ईव्ह टीझिंग'चंही तसंच होतं. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुस्तिका काढून सांगितलं की रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणा. 'अतिप्रसंग' घ्या. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, त्याचा अर्थ नियम लागू नको तिथंही लागू होणं. आपण त्याने काय झाकतो ते सगळ्यांना माहीत आहे. 'इनॲप्रोप्रिएट' त्याच कुळातला. साहेबाने कंबरेला हात लावला तरी तोच, बैठकीला चप्पल घालून आला तरी तोच. मावशींचं ऐका.

सांजवारा:
फलकासाठी मान्य. २०१३च्या कायद्याच्या व्याख्येतला शब्दही 'अनवेलकम' आहे, आणि त्याला आपल्याकडे 'नकोसं' असताना दुसरं कशाला शोधायचं? पण नुसतं 'नको तिथं हात' लिहिलंत तर टक लावून बघणं, रात्री मेसेज पाठवणं सुटतं. मोघम शब्दाचा तेवढा उपयोग असतो.

टाकबोरू:
'नकोसं वागणं' मावशींना विचारून बघते. आणि 'इम्प्रॉपर रिमार्क्स'?

माळरान:
अचकट-विचकट बोलणं. दुसरा शब्दच नाही.

शुद्धलेखणी:
हा मला आवडला. पण कारखान्याच्या फलकावर?

माळरान:
का नको? वाचणाऱ्याला कळतंय ना! आणि शब्द कुठून कुठं जातात बघा. इंग्रजी 'नॉटी' मूळ 'नॉट'वरून, म्हणजे ज्याच्याकडे काही नाही तो. पुढं त्याचा अर्थ दुष्ट झाला आणि आता लहान पोराला प्रेमानं म्हणतात. आपला 'व्रात्य' तसाच. जुन्या ग्रंथांत संस्कार न झालेला, समाजाबाहेरचा. अथर्ववेदाचं पंधरावं कांड सगळं व्रात्यावर आहे. आणि माझी आजी मला दिवसातून दहा वेळा व्रात्य म्हणायची, कैऱ्या पाडल्या म्हणून.

पैलतीर:
आमच्याकडे 'अगोचर' म्हणायचे! संस्कृतात इंद्रियांना न कळणारं, घरात मात्र माळ्यावर चढणारं कार्टं.

सांजवारा:
'मिसचीफ' याच्या उलट निघाला. घरी पोरखेळ, कायद्यात मुद्दाम केलेलं मालमत्तेचं नुकसान. दंड संहितेच्या मराठी भाषांतरात त्याला 'आगळीक' म्हटलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थांबलोच. आमच्या घरी पाहुण्यांसमोर उलट बोललं की "आगळीक झाली" म्हणायचे.

शुद्धलेखणी:
'आगळा'पासूनच ना? आगळा म्हणजे अधिक. मर्यादेपेक्षा अधिक वागणं ती आगळीक. 'इम्प्रॉपर'ला हाच घ्यायला हवा होता, कायद्याने उगाच अडवून ठेवला.

माळरान:
आणि 'आगाऊ'? तोही पुढं पुढं करणाराच. आगाऊ रक्कम चालते, आगाऊ पोरगं चालत नाही. इंग्रजीत 'फॉरवर्ड'चंही तसंच आहे की.

टाकबोरू:
मंगळवारी छपाईला द्यायचंय. 'नकोसं वागणं' की 'नकोशी वागणूक'?

पैलतीर:
'वागणूक' तुम्हाला मिळते, 'वागणं' तुमचं असतं. वागणं लिहा.

शुद्धलेखणी:
हे चूक आहे. 'वर्तणूक नियम' कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याचेच असतात. यावर वेगळा धागा काढतो.