सोसायटी ग्रुप : लवंगेच्या तेलाचा विषय

बी-२०३ : नमस्कार. काल इथेच ए-१०१च्या काकांनी दिलेल्या सल्ल्यानुसार मुलाच्या हनुवटीवरच्या पुळ्यांना लवंगेचे तेल थेट लावले. सकाळी पाहते तर भोवतीची कातडी लालभडक होऊन सोलवटली आहे. तेल किती पातळ करायचे, एवढे तरी सांगायला हवे होते.

ए-१०१ : वहिनी, वाईट वाटले. तरीही अशा तेलांनी जंतू मरतात, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे.

डी-४०१ (डॉक्टर) : काका, ते खरेच आहे. लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल किंवा टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलातले टर्पिनेन-४-ऑल जिवाणूच्या पेशीच्या आवरणात शिरून ते इतके सैल करते की आतले क्षार बाहेर झिरपतात आणि जिवाणू मरतो. पण आवरण आपल्या पेशींनाही असते, आणि निव्वळ तेल त्यांनाही सोडत नाही.

सी-३०२ : नायट्याच्या वेळीही हाच सल्ला आला होता. तेव्हा आम्ही भोगले.

ए-१०१ : मी कोणावर जबरदस्ती केलेली नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

सी-३०२ : मग माणसांवरचा अभ्यासही पाहावा. ऑस्ट्रेलियात १९९० साली मुरुमांच्या १२४ रुग्णांवर टी ट्रीचे जेल आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचे नेहमीचे औषध यांची तुलना झाली. गुण दोन्हींनी आला, टी ट्रीने सावकाश, पण त्रास कमी झाला. त्या जेलमध्ये तेल ५ टक्के होते, काका.

ए-१०१ : म्हणजे गुण येतो, हे तुम्हालाही मान्य आहे.

डी-४०१ (डॉक्टर) : मुरुमांना येतो. वहिनी, पुळ्या फुटून मधाच्या रंगाच्या खपल्या धरत असतील, तर तो बहुधा स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचा संसर्ग असतो आणि स्पर्शाने पसरतो. त्याला प्रतिजैविक लागते. टॉवेल वेगळा ठेवा, आता कोणतेही तेल लावू नका आणि आजच दाखवून घ्या.

बी-२०३ : खपल्या अगदी तशाच आहेत, आणि आज कानाजवळही दोन पुळ्या दिसत आहेत. पण दाखवायला न्यायचे, तर घरातले कोणी बाहेर पडेना.

ए-१०१ : बाटली मीच दिली होती, ती परत पाठवा. प्रयोगशाळेचे मी मागे घेत नाही. पण गाडी काढतो आहे, पाच मिनिटांत मुलाला घेऊन खाली या.