'ख्रिस्त': नाव की पदवी?

प्रश्न: अनुवादात एक वाक्य अडलंय, 'येशूवर ख्रिस्त उतरला.' येशू आणि ख्रिस्त एकच ना? इथे 'चैतन्य' लिहिलं तर चालेल? आणि ख्रिस्त हा 'कृष्ण'चा अपभ्रंश असं बऱ्याचदा वाचलंय, ते कितपत खरं?

प्रतिसाद: कृष्णाचं आधी निकालात काढू. काहीही संबंध नाही. कृष्ण म्हणजे काळा, ग्रीक 'ख्रिस्तोस' म्हणजे तेल माखलेला, अभिषिक्त. हिब्रू 'माशिआख'चं ते भाषांतर. आपल्याकडे 'मसीहा' आला तो याच शब्दावरून, अरबी-फारसीच्या वाटेने. मुळात ही पदवी. शौल, दावीद हे राजे अभिषिक्तच, आणि यशयाच्या 45व्या अध्यायात तर परधर्मी इराणी राजा कोरेशलाही तेच म्हटलंय!

तुमचं वाक्य बहुधा सेरिंथस या प्राचीन ख्रिस्ती गुरूच्या मताबद्दल असावं. इसवी सन 180च्या सुमारास आयरेनियस या बिशपने ते खोडून काढण्यासाठी नोंदवलं: येशू हा माणूस, बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्यावर कबुतराच्या रूपात ख्रिस्त उतरला आणि क्रुसाआधी निघून गेला. यातना माणसाला, ख्रिस्त अलिप्त. पदवी वेगळी काढता येते म्हणून तर हे मांडता आलं.

दुसरा प्रतिसाद: भर घालतो. 1945 मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीला सापडलेल्या फिलिपच्या शुभवर्तमानात (हे बायबलमध्ये नाही) अभ्यंगाला, म्हणजे तेल लावण्याच्या विधीला, बाप्तिस्म्यापेक्षा श्रेष्ठ ठरवलंय, कारण 'ख्रिस्ती' हे नाव अभ्यंगावरून पडलं! आणखी एक गंमत. दमास्कसजवळच्या देर अलीला मार्सियन या प्राचीन ख्रिस्ती गुरूच्या अनुयायांच्या प्रार्थनास्थळाचा 318 सालचा शिलालेख आहे. त्यात 'येशू ख्रेस्तोस' कोरलंय, म्हणजे 'भला येशू'. 'ख्रिस्तोस' आणि 'ख्रेस्तोस' (भला) या दोन वेगळ्या ग्रीक शब्दांचे उच्चार तोवर सारखेच झाले होते, त्यामुळे लेखनातली चूक म्हणता येईल. पण येशू हा यहुद्यांचा मसीहा हे मार्सियनला मान्यच नव्हतं, त्यामुळे मला ती चूक वाटत नाही.

प्रश्नकर्ती: मग 'चैतन्य' नको?

प्रतिसाद: सेरिंथसच्या तोंडी नकोच, त्याला वेदान्ती करून टाकाल. 'ख्रिस्त'च ठेवा. लेख थिऑसॉफी या आधुनिक गूढवादी चळवळीचा असेल तर गोष्ट वेगळी. त्यांचा ख्रिस्त प्रत्येकाच्या अंतरी जन्मतो. तिथे 'ख्रिस्ततत्त्व' छान बसेल. मूळ परिच्छेद इथे टाका, मग नक्की सांगता येईल.