पन्नाशीच्या गाडीला पासिंग कशाला? अहो, ब्रेकसाठी!

घाटउतार (सातारा)
काल इथं एकानं लिहिलं, ‘इंग्लंडात 40 वर्षांपुढच्या गाडीला तपासणी नाही, मग आपल्यालाच दर 5 वर्षांनी पासिंगचा, म्हणजे आरटीओच्या तपासणीचा, जाच का?’ वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय. ती सूट 2018 पासून आहे, खरंय. पण गाडी धड ठेवायची जबाबदारी तिथं कायद्यानं मालकावरच असते, हे सोयीनं गाळलं. जर्मनीत तर जुन्या गाडीलाही दर 2 वर्षांनी तपासणी चुकत नाही.

माझी फियाट 1974 ची. गेल्या पावसाळ्यात कासहून उतरताना यवतेश्वरच्या घाटात ब्रेकचं पेडल तळाला गेलं. मागच्या एका चाकातलं ब्रेक दाबणारं व्हील सिलिंडर गळलं होतं. या गाड्यांना ब्रेकची लाईन एकच, एका चाकाला गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दुसऱ्या गिअरात टाकून, कठड्याला घासत थांबवली. बायको साताऱ्यापर्यंत अवाक्षर बोलली नाही. अजून त्या गाडीत बसत नाही.

मंडईवाला_सांगली
ती पोस्ट माझीच. एकच सांगा, तेव्हा पासिंग होतं का संपलेलं?

घाटउतार
होतं. चार महिन्यांपूर्वीच झालेलं.

मंडईवाला_सांगली
मग झालं की! चासी नंबरवर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या नंबरवर, कागद धरून पेन्सिल घासली, हॉर्न वाजवला, लाइट लावले, ‘घ्या पुढं’. चाक कुणी खोललं? माझंही असंच झालं. आणि याचे 20 वर्षांपुढच्या गाडीला आता 10,000. 2022 च्या आधी 600 होते हो! पर्यावरण कर वेगळाच. माझी गाडी वर्षाला 800 किलोमीटरसुद्धा फिरत नाही.

पाटीप्रेमी
पासिंगचं सोडा, नंबरप्लेटचं बोला. आजोबांच्या गाडीची पाटी मिरजेच्या पेंटरनं हातानं रंगवलेली. त्यातल्या 9 ची शेपटी बघायला लोक थांबायचे. आता सक्तीची हाय-सिक्युरिटी पाटी, 745 अधिक जीएसटी भरून ॲल्युमिनियमचा पत्रा. जुन्या भोकांवर बसेना, तर ती बसवणाऱ्या पोरानं विचारलंसुद्धा नाही, थेट क्रोमच्या बंपरला ड्रिल लावलं! वर काचेला निळा स्टिकर.

नियमवाला
गाडी चोरीला गेली की पत्र्याची किंमत कळेल. एवढं दुखतंय तर 50 वर्षांपुढच्या गाडीची विंटेज नोंदणी करा. 20,000 भरा, 10 वर्षं निवांत. नंबरात विंटेजची ‘व्हीए’ अक्षरं मिरवा.

पाटीप्रेमी
नियम वाचलाय का पूर्ण? त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, बस्स. मी आजीला दवाखान्यात नेतो त्यातून. का तिची दुरुस्ती म्हणून दाखवू?

नियमवाला
हौसेला मोल नसतं म्हणतात. तुम्ही एका भोकासाठी गळा काढताय.

पाटीप्रेमी
आणा तुमची गाडी, पाडतो एक. मग बोलू.

गॅरेज_कृष्णाकाठ
भांडा निवांत. 2019 च्या पुरानंतर ब्रेकचे ड्रम उघडून गाळ काढलेला माणूस आहे मी, दोन शब्द ऐका. आरटीओचे साहेब चाक खोलत बसणार नाहीत, पण चाकं यंत्राच्या रोलरवर फिरवून ब्रेक मोजला की कुठलं चाक धरत नाही ते लगेच कळतं. आणि मंडईवाले, 800 किलोमीटर हे कौतुक नाही, तेच दुखणं आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, उभ्या गाडीत सिलिंडर आतून गंजतं, रबर कडक होतं. रोज पळणारी गाडी परवडली.

मंडईवाला_सांगली
बरं. रविवारी चारी चाकं खोलून घेतो. तुमच्या घाटाला घाबरून नाही, घरी ही पोस्ट वाचली गेलीय म्हणून. पण 10,000 चा राग तसाच राहणार.

घाटउतार
चारी चाकांच्या ब्रेकचे आकडे हातात दिले तर मी 10,000 हसत भरीन. नुसत्या पेन्सिलीला जास्त होतात, एवढं तुमचं मान्य. एवढंच.

पाटीप्रेमी
आणि माझ्या बंपरचं?